नाकातली नळी की पोटातली? सात महिन्यांच्या मुलीसाठी अनुभव हवेत (कोल्हापूर)

पारिजातक

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायला पहिल्यांदाच आलेय. मुलगी सात महिन्यांची आहे. जन्मल्यावर रडली नाही, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) बरेच दिवस होती. झटके आता औषधानं आटोक्यात आहेत. आवाजाकडे वळते, तिचे बाबा शीळ घालत आले की हातपाय हलवते. पण चोखणं-गिळणं जमत नाही. तेव्हापासून नाकातून राईल्स ट्यूब आहे. दर तीन तासांनी दूध. माझं जेवढं निघतं तेवढं काढून ठेवते, उरलेलं डब्याचं.

आता डॉक्टरांनी गॅस्ट्रोस्टॉमी सुचवलीय, म्हणजे पोटावर छोटं छिद्र पाडून थेट जठरात नळी. कारण नाकातली नळी ती सारखी ओढून काढते, टेपनं गाल सोलवटलाय, ओकाऱ्या होतात, वजन अडकलंय. नळी परत घालायची म्हणजे मी दोन्ही हात धरायचे, नवऱ्यानं नळी सरकवायची आणि सासूबाईंनी देवघरात जाऊन बसायचं, हे आता घरात ठरूनच गेलंय.

सासूबाईंचं म्हणणं असं की पोटाला भोक पाडलं की ती कायम तशीच राहणार, तोंडानं खायचं विसरणार. "चमच्यानं चार थेंब घालून तर बघा, पोर गिळतीय" हे दिवसातून दोनदा होतं. वाईट मनानं नाही म्हणत. माझ्या बाळंतपणापासून रात्रीचं एक दूध त्याच देतात, सिरिंज धरून. नवरा कधी हो, कधी नको. मला भुलीची भीती वाटते.

ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा. ज्यांनी न करता निभावलं त्यांनीही.

चिकोत्रा

माझा मुलगा चार वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा नाही. पोटातली नळी बसवून बराच काळ झाला, त्यामुळं अधिकारवाणीनं बोलतोय असं समजा.

आमच्याकडं एंडोस्कोपीनं, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलं, त्याला पेग म्हणतात. काहींना टाके घालून शस्त्रक्रियेनं करावं लागतं. कुठलं ते तुमचे सर्जन ठरवतील. त्याआधी जठर-आतड्यांची रचना सरळ आहे ना आणि दूध वर येण्याचा त्रास किती आहे हे बघतात. फारच वर येत असेल तर त्याचंही ऑपरेशन सोबत करायचं का, हा प्रश्न येतो. हे आधीच विचारून घ्या. भुलीबद्दलही भूलतज्ज्ञांना वेगळी वेळ मागून भेटा. झटक्यांची औषधं त्या दिवशी कशी द्यायची, छातीत कफ असेल तर तारीख पुढं ढकलायची का, हे त्यांनाच विचारायचं असतं.

सुरुवातीला पोटावर लांब नळी लोंबत राहते. मार्ग पक्का व्हायला दोन-तीन महिने जातात, मग तिच्या जागी बटण बसवतात. कातडीला चपटं बसतं, शर्टाखाली कळत नाही. दूध देताना तेवढी जोडनळी लावायची. आतल्या बाजूला पाण्याचा छोटा फुगा असतो, त्यावर ते अडकून राहतं. त्यातलं पाणी आठवड्यातून एकदा सिरिंजनं काढून मोजायचं, कमी असेल तर ठरलेल्या मापाएवढं परत भरायचं.

आता न आवडणारी गोष्ट. बटण निघून येऊ शकतं. आमचं कागलला एका लग्नात आलं, वरात दारात आणि हे माझ्या हातात. छिद्र काही तासांत आवळायला लागतं, म्हणून जादा बटण किंवा सर्जननं दिलेली फोलीची नळी (एरवी लघवीसाठी वापरतात ती) कायम पिशवीत पाहिजे. ती घालायची मार्ग उघडा राहावा म्हणून. नळी जठरातच आहे याची खात्री होईपर्यंत तिच्यातून दूध सोडायचं नाही. आणि ऑपरेशन नवीन असताना निघाली तर घरी हातच लावायचा नाही, वरून स्वच्छ गॉज ठेवून सरळ दवाखाना.

कडेला लालसर मांस वाढतं, पाझरतं, तेही होतं. भयानक दिसतं, तेवढं भयानक नसतं. दाखवायचं, औषध लावतात.

तोंडाचं म्हणाल तर उलटं झालं. नाकातली नळी असताना घशाशी सारखं काहीतरी, त्यामुळं तोंडाजवळ बोट नेलं तरी मान फिरवायचा. ती गेली आणि दोन-चार महिन्यांनी स्वतःची मूठ चोखायला लागला. आज आमटीतलं बोट चाटतो. पोट भरतं बटणातूनच.

रातपाळी

लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. ऑपरेशन होईल तेव्हा होईल, तोवर नाकातली नळी तुम्ही घरी घालताय म्हणून आधी त्याबद्दल लिहिते. ताई, रागावू नका, पण नळी जागेवर आहे हे तुम्ही कशावरून ठरवता? सिरिंजनं हवा मारून पोटावर कान लावत असाल तर ती पद्धत भरवशाची नाही. नळी फुफ्फुसात किंवा अन्ननलिकेत असली तरी तो बुडबुड आवाज पोटावर ऐकू येतो. अजून बऱ्याच ठिकाणी तसंच शिकवतात.

माप असं: नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक आणि बेंबी यांच्या मधोमध. नाकपुडीशी जो आकडा येईल तो दाराआड लिहून ठेवा आणि दर वेळी बघा. बाळ वाढतं तसा आकडा बदलतो. नळी घातल्यावर आणि प्रत्येक दुधाआधी थोडा रस ओढून पीएच पट्टीवर (आम्लता मोजायच्या कागदावर) टाकायचा. ५.५ किंवा त्याखाली आला तर जठरात आहे असं धरतात. रस आलाच नाही तर डाव्या कुशीवर निजवून पंधरा-वीस मिनिटांनी परत ओढा. ॲसिड कमी करणारं औषध चालू असेल किंवा आत्ताच दूध दिलं असेल तर आकडा वर जातो, मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय दूध नाही. खात्री पटत नसेल तर एक्स-रे. घालताना ती खोकली, काळीनिळी पडली, रडण्याचा आवाज बसला तर क्षणभरही न थांबता नळी बाहेर.

पट्ट्या औषधाच्या दुकानात बहुधा मिळत नाहीत. लॅबोरेटरीची रसायनं विकणाऱ्यांकडे मागा, लिटमस नव्हे, अर्ध्या-अर्ध्या आकड्याची.

गालासाठी: थेट टेप लावू नका. खाली हायड्रोकोलॉइडची (जखमेवर लावतात तसली मऊ, चिकट) पातळ पट्टी कायम चिकटलेली ठेवायची आणि टेप तिच्यावर. कातडीवर रोज ओढाताण होत नाही. नळी कानामागून पाठीकडे न्या, हातात कमी सापडते.

नळी कुठली आहे तेही बघा. साधी पीव्हीसीची पोटात राहून कडक होते, साधारण आठवड्यानं बदलतात. पॉलियुरेथेनची महिनाभर, कधी सहा आठवडेही चालते. किंमत जास्त, पण दर आठवड्याची झटापट वाचते. पाकिटावरची मुदत वाचा.

आण्णा_मंगळवारपेठ

मी वयानं मोठा, माझं स्पष्ट मत लिहितो, राग मानू नये. आमच्या घरी सातव्या महिन्यात जन्मलेलं पोरगं कापसात गुंडाळून आईनं बोंडल्यानं वाढवलं. आज तो तालमीत जातो. दवाखानेवाल्यांना कापायचंच असतं. बाळगुटी सुरू करा, नाचणीचं सत्त्व पातळ करून नळीतनंच सोडा, अंगात ताकद आली की गिळंल. नाहीतर आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत.

रातपाळी

आण्णा, राग नाही. पण सत्त्व त्या नळीत घालू नका असं कोणाही वाचणाऱ्याला मी हात जोडून सांगते. गार होईल तसं घट्ट होतं आणि नळी बसते. गुटी उगाळलेली असते, तिचा गाळ तेच करतो. गोळ्या कुटूनसुद्धा विचारल्याशिवाय नाही, शक्य तिथं पातळ औषध मागा. दोन औषधं एकत्र नाहीत, मध्ये थोडं पाणी. आणि गुटीबरोबर मध चाटवायची पद्धत आहे म्हणून सांगते, वर्षाच्या आत मध कुठल्याच बाळाला नको.

नळी बसलीच तर कोमट पाणी मोठ्या सिरिंजनं हळू पुढं-मागं करा. लहान सिरिंजचा दाब जास्त येतो, नळी फुटते. तार-बीर घालू नका.

शब्दवेल्हाळ

मी बोलण्याच्या-गिळण्याच्या समस्यांवर काम करते. आण्णांचा पुतण्या (की भाऊ?) वाचला याचा आनंदच आहे. पण कमी दिवसांच्या बाळाची गिळण्याची शक्ती दिवस भरतील तशी येते. पारिजातकच्या लेकीची अडचण वेगळी आहे. तिथं मेंदूकडून येणारा हुकूमच वेळेवर पोचत नाही. ती ताकद सत्त्वानं येणारी नाही.

सासूबाईंना "गिळतीय" असं जे दिसतं ते खोटं नसावं. तोंडातला थेंब मागं जातो, नाहीसा होतो. कुठं गेला ते बाहेरून दिसत नाही. निरोगी माणसाला ठसका लागतो. अशा काही मुलांना ठसकाच लागत नाही, दूध गुपचूप श्वासनळीत उतरतं आणि आठ दिवसांनी ताप, छाती भरलेली. "सर्दी झाली" म्हणून औषध होतं, परत तेच. तुमच्याकडं वारंवार छातीचं दुखणं झालंय का?

गिळण्याची तपासणी असते. दुधात बेरियम मिसळून एक्स-रेच्या व्हिडिओवर घोट कुठं जातो ते बघतात. दुसरी पद्धत कान-नाक-घसा तज्ज्ञांची, नाकातून बारीक दुर्बीण घालून. लहान बाळाची कोण करतं हे आधी फोनवर विचारून मगच निघा. पुण्या-मुंबईपर्यंत जाऊन "आमच्याकडं मोठ्यांचीच करतात" ऐकून परत आलेले पालक मी पाहिलेत. ही तपासणी सासूबाईंना पडद्यावर दाखवा. माझ्या तासभराच्या बोलण्यापेक्षा ते दोन मिनिटांचं चित्र जास्त काम करतं.

आणि तोंड रिकामं ठेवू नका. नळीनं दूध चालू असताना तिला मांडीवर थोडं उभं धरून स्वच्छ बोट हिरडीवर फिरवा, थेरपिस्टनी हो म्हटलं तर चोखणी द्या. इतर बाळांना आम्ही चोखणी नको म्हणतो, इथं ती व्यायाम आहे. पोट भरतंय आणि तोंडाला सुख मिळतंय, या दोन्हींची गाठ पडली पाहिजे. टेप ओढणं, सक्शन (मशीननं कफ ओढणं), औषध, सगळं त्या तोंडापाशीच होतं. मग ती तोंड मिटून घेते त्यात नवल काय?

भोगावती

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. आमच्या मुलाला जन्मतः हृदयात छिद्र होतं. दूध ओढताना धाप लागायची, घाम फुटायचा, म्हणून नाकातली नळी. आम्हालाही कुणीतरी पोटातली सुचवली होती, पण हृदयाच्या डॉक्टरांनी थांबा म्हटलं. हृदयाचं ऑपरेशन झालं आणि हळूहळू नळीचं दूध कमी करत सुटली. वर्षाच्या आत वरणभात. म्हणून घाई नको असं मला वाटतं. एकदा छिद्र पाडलं की पाडलं.

चिकोत्रा

भोगावतीताई, तुमच्या मुलाला गिळता येत होतं, दम पुरत नव्हता. दम आला, काम झालं. आमच्या पोरांचं कारण दुरुस्त होऊन जाणारं नाही, झालं तर वर्षानुवर्षं कणाकणानं. तुमचा अनुभव खरा, पण तो इथं लावू नका एवढंच.

"पाडलं की पाडलं" तर अजिबात नाही. गरज संपली की काढतात. बहुतेकांचं छिद्र आपोआप मिटतं, काहींना टाका घालावा लागतो.

भोगावती

हे कारणांचं लक्षात नव्हतं आलं. ठीक. तरी गिळण्याची तपासणी ऑपरेशनच्या आधी व्हावी, यावर मी ठाम आहे.

शब्दवेल्हाळ

यात दुमत नाही. फक्त तपासणीची तारीख मिळत नाही म्हणून महिनोन्महिने वजन अडकवून ठेवू नये.

पारिजातक

सगळ्यांचे आभार. छातीचं दुखणं दोनदा झालंय, दोन्ही वेळा ॲडमिट. शब्दवेल्हाळ, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला, तो बराच वेळ काही बोलला नाही. हवा मारूनच बघत होतो, तसंच शिकवलं होतं. पट्ट्या मागवल्या.

आता पैशाचं. नवरा गोकुळ शिरगावला फौंड्रीत आहे, माझी सव्वीस आठवड्यांची रजा संपून आता बिनपगारी चालू आहे. नळी असलेलं बाळ कुठलं पाळणाघर घेणार? कुणाला योजनांची माहिती आहे का?

जमाखर्च

थोडक्यात सांगतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) ॲडमिट व्हायच्या आधी विचारा. नंतर धावपळ होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. त्यांचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांच्याकडं नाव लावलं की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, तिथं थेरपी मिळू शकते. चौकशी सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात करा.

पुढं सेरेब्रल पाल्सीचं निदान कागदावर आलं की दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र). इतक्या लहान वयात बहुधा मुदतीचं देतात, चालतं. त्यावर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय विमा योजना घेता येते. वर्षाला एक लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, थेरपी आणि ओपीडीचे खर्चही काही मर्यादेत बसतात. साध्या विमा कंपनीच्या दारात अशा बाळाला काय ऐकावं लागतं ते आपल्याला माहीत आहे.

नवऱ्याच्या पगारातून कर कापला जात असेल तर दिव्यांग अवलंबितासाठीची वजावट (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडी): ७५,०००, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. बिलं जपा म्हणणार होतो, पण या कलमाला खर्चाच्या रकमेची अट नाही, प्रमाणपत्र महत्त्वाचं.

पाणीपातळी

पारिजातकताई, राहायला कुठं आहात? वळीव सुरू झाला म्हणून विचारते.

पारिजातक

कसबा बावडा.

पाणीपातळी

मग माझं ऐका. आम्ही नदीकाठच्या चिखलीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये भाचा नळीवर होता. आमच्याकडं पुराचं पाणी येणार हे माहीतच असतं, म्हणून बहिणीला आणि त्याला आधीच राजारामपुरीत नातेवाइकांकडं हलवलं. घर वाचलं, पण पुढचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद. बाहेरून माल नाही, त्याच्या दुधाचा डबा दुकानात नाही. उपसा केंद्रं बुडाली म्हणून शहराला नळाचं पाणी नाही. सिरिंज धुवायला उकळलेलं पाणी कुठून आणायचं? २०२१ च्या जुलैत परत तेच.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तुम्हाला घरबसल्या कळते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. साध्या घरांनी ४३ ची वाट बघावी, तुम्ही ३९ च्या आधी हलायचं. नळ्या, सिरिंजा, टेप, झटक्यांची औषधं, दूध, प्यायचं पाणी, सगळं जूनमध्येच भरून ठेवा. सक्शन मशीन असेल तर लाइट गेल्यावर ते कशावर चालणार ते आत्ता बघा, पायानं चालवायचंही मिळतं. डॉक्टरांकडून एक कागद घ्या: निदान, नळीचा नंबर, किती दूध, कुठली औषधं किती. त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये. बोटीत बसायची वेळ आली तर तिथल्या माणसाला सगळी कथा सांगत बसता येत नाही.

आणि काढलेलं दूध फ्रीजमध्ये साठवून निर्धास्त राहू नका. लाइट गेली की ते गेलं. बाहेर चार तासांपलीकडं ठेवू नये असं आम्हाला सांगितलं होतं.

चिकोत्रा

हे कुणीच लिहिलं नसतं. ऑपरेशनची तारीखही यात धरा, ताई. भर पावसात, मार्ग कच्चा असताना, सर्जन नदीपलीकडं आणि तुम्ही अलीकडं, असं नको.

आण्णा_मंगळवारपेठ

मी सगळं वाचलं. वैद्यांचं मागं घेतो. जुलैत हलायची वेळ आली तर आमच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या आहेत, पाणी तिथवर येत नाही. संदेश पाठवा, लाजू नका.

पारिजातक

आण्णा, काय बोलू. नक्की कळवते.

दोन-तीन गोष्टी घडल्या म्हणून लिहितेय. गिळण्याची तपासणी पुढच्या आठवड्यात ठरली, सासूबाई सोबत येणार आहेत. गेल्या खेपेला नळी घालताना त्या देवघरात गेल्या नाहीत, पट्टी त्यांनीच धरली आणि डब्यावरचे रंग लावून ५ सांगितलं. सर्जन म्हणाले तपासणीचा निकाल बघून, छाती साफ असेल तर पावसाचा जोर धरायच्या आत करू, नाहीतर सरळ गणपतीनंतर. तोवर पॉलियुरेथेनची नळी.

उष्टावणाचाही वाद मिटला. मामा येणार, चांदीची वाटी येणार, खीर होणार. थेरपिस्ट म्हणाल्या की तपासणीआधी तोंडात काहीही नको, ओठाला वाससुद्धा पुरे. मग वाटी नुसती नाकाशी धरायची आणि त्याच वेळी नळीतून तिचं दूध सोडायचं असं ठरलंय.

सासूबाईंचा एक प्रश्न आहे चिकोत्रांना, मुद्दाम विचारायला सांगितलाय: बटण बसवल्यावर आंघोळीआधी पोटाला तेल लावून मालिश करता येतं का? आणि पालथं घालता येतं का?

चिकोत्रा

आजींना नमस्कार सांगा. जखम पूर्ण भरेपर्यंत पोटाला तेल नाही, हातापायांना लावा. नंतर पोटालाही चालतं, पण भोकाभोवती दोन बोटं जागा कोरडी सोडायची. आम्हाला सर्जननं तिथं फक्त साबण-पाणी सांगितलंय, तेलावर पट्टीही टिकत नाही. पालथं सर्जननं हो म्हटल्यावर. लांब नळी असते तोवर मऊ टॉवेलची चुंबळ करून मध्ये पोकळी ठेवायची. बटण आल्यावर आमचा तर पोटावर सरकत दारापर्यंत जायचा. दूध दिल्यावर लगेच नाही, अर्धा तास तरी डोकं वर ठेवून मांडीवर.